लाकडी अंतरपाट

चहा घ्या, पण घोट गिळून झाल्यावरच पुढचं ऐका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही! कारण चर्चमध्ये मी जो पराक्रम करून बसले, त्यावरून आमच्या वाडीतली माणसं अजून माझ्याशी सरळ तोंडाने बोलत नाहीत.

आधी एक सांगून ठेवते. आमच्या तारकर्लीच्या बाजूला मखर म्हटलं की नलू आणि नलू म्हटलं की मखर. गणपतीत लोक आधी माझ्या मखराकडे बघतात आणि मग आठवण झाली की देवाला हात जोडतात. हे मीच सांगतेय, कबूल! पण दुसरं कोण सांगणार? आमचे हे? त्यांनी लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी माझ्या सोलकढीचं कौतुक केलेलं नाही.

तर फिलू म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. तिच्या नाताळच्या नेवऱ्या माझ्या घरी आणि माझे चतुर्थीचे मोदक तिच्या घरी, असं आमचं. तिच्या लेकीचं, लिझाचं लग्न ठरलं वसईच्या मुलाशी. मुलगा सोन्यासारखा. पण मुलाची आई? बाप रे! घर बघायला आल्या, फिलूच्या पडवीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे चर्च सजवणारे कोणी मिळतात का हो? नाहीतर वसईहून आमचा माणूस पाठवते."

फिलूचा चेहरा पडला. मी तिथेच बसले होते. गप्प राहीन तर मी कसली?

"माणूस कित्याक व्हयो?" मी म्हटलं. "नलू आसा मां!"

विहीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि नुसतं "बरं" म्हणाल्या.

त्या गेल्यावर फिलू स्वयंपाकघरात रडायलाच लागली. "नले, कायतरी कमी पडला तर ही बाय माझ्या पोरीक जन्मभर टोचतली गो! माझी लाज तुझ्या हातात आसा."

आता सांगा, एवढं ऐकल्यावर अंगात वारं भरणार की नाही?

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळीच मी चर्चमध्ये हजर. कणकवलीच्या बाजारातून झेंडू आणि निशिगंध आणला होता. केळीचे खांब, आंब्याच्या डहाळ्यांचे टाळ आणि सुपारीचे घड घरचेच. शिडी धरायला आमचे हे. फादर कामासाठी कसालला गेलेले. फिलूने एकच गोष्ट बजावली होती, "वेदीक हात लाव नको. थंय सिस्टर पांढरी फुलां ठेवतली. बाकी सगळा चर्च तुझा!"

काम सुरू करायचं तर गाऱ्हाणं नको? देव कोणाचाही असो, सांगून ठेवलेलं बरं. दारातच उभी राहून मी हात जोडले, "बा देवा म्हाराजा, तुझ्या दारात ही जी काय सजावट होता आसा, ती पार पाड, आणि त्या विहिणीचा तोंड बंद कर रे म्हाराजा!"

यांनी शिडी खांद्यावरून न उतरवताच सवयीने साथ दिली, "व्हय म्हाराजा!"

बाकांना फुलं बांधून झाली. पण हे काय मखर झालं? मुख्य जागा कुठली? आपल्याकडे नवरा-नवरी बसतात तिथे सगळा थाट असतो. मी नाताळला कितीदा या चर्चमध्ये आलेय, पण मागच्या बाकावर बसून. लग्न कधी पाहिलेलं नाही. नवरा-नवरी बसतात कुठे?

आणि मला ती दिसली! भिंतीच्या कडेला चादर झाकून ठेवलेली, माणसापेक्षा उंच अशी एक लाकडी पेटी. चादर ओढली. काय कोरीवकाम होतं म्हणून सांगू! तीन खण. मधल्यात खुर्ची आणि पडदा. दोन बाजूंना एकेका माणसाची जागा, खाली पाट. आणि मधला खण नि बाजूचे खण यांच्यामध्ये लाकडी जाळी.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! मध्ये भटजींच्या जागी फादर. एकीकडे नवरी, दुसरीकडे नवरा. आणि जाळी म्हणजे अंतरपाट! आपला कापडाचा, ह्यांचा लाकडी!

आमचे हे म्हणाले, "अगो, कोणाक तरी विचार आधी."

मी काही अगदीच वेडी नाही. फिलूला फोन लावला. "फिलू, लग्नाच्या आधी न्हवरो-न्हवरी त्या जाळीच्या पेटीत जातत मां?"

"जातत म्हणजे? जावकच व्हया! त्याशिवाय फादर लगीन लावचे नाय. गो, हय माझ्या डोक्यार कामांचो डोंगर आसा, ठेव फोन!"

झालं! मी यांच्याकडे असं काही बघितलं की शिडी हलली.

मग माझा हात जो सुटला! दोन्ही बाजूंना केळीचे खांब. वर आंब्याच्या टाळांचं तोरण. चतुर्थीला गणपतीवर बांधतो तशी माटवी, तिला नारळ आणि सुपाऱ्या टांगलेल्या. अबोलीच्या माळा, लुकलुकणारे दिवे. थर्माकोलची अक्षरं कापून एका खणावर 'वधू', दुसऱ्यावर 'वर' आणि मधल्या खणावर, जिथे फादर बसणार, तिथे ठळक 'सुस्वागतम्'!

असं मखर मी जन्मात केलं नव्हतं. आमचे हेसुद्धा "बरा झाला" म्हणाले. तीस वर्षांत पहिल्यांदा!

दुसऱ्या दिवशी वसईचं वऱ्हाड आणि आमची अख्खी वाडी एकदमच दारात आली. सगळे जागच्या जागी थांबले. मी पदर सारखा केला. फिलू पुढे आली, पेटीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"नले! ह्या काय केलंस?"

"अंतरपाट सजवलंय."

"शिरां पडो तुझ्या अंतरपाटार! गो, ही कुमसाराची पेटी! हय माणसां आपली पापां सांगतत फादरांका!"

"पण तूच म्हणालंस, न्हवरो-न्हवरी जातत!"

"पापां सांगूक जातत, लगीन करूक न्हय!"

पापांच्या कोठडीवर मी 'सुस्वागतम्' लिहिलं होतं! दिवे लावले होते! विहीणबाई पेटीसमोर उभ्या राहून एकेक अक्षर वाचत होत्या. फिलूची लाज माझ्या हातात होती आणि मी ती माटवीला नारळासारखी टांगून ठेवली होती.

तेवढ्यात फादर आले. सहा फूट उंच, कमी बोलणारे. त्यांनी 'वधू' वाचलं. 'वर' वाचलं. मग 'सुस्वागतम्' वाचलं. फादरांनी केळीचं पान हळूच बाजूला सारलं आणि आत जाऊन बसले!

नवरा-नवरीचं पापं सांगणं आटोपलं. आता उठतील, असं वाटलं, तर वऱ्हाडातले एक म्हातारे मामा काठी टेकत पुढे आले. "किती वर्षांत गेलो नाही," ते म्हणाले. "पण इतक्या प्रेमाने कोणी बोलावलंय तर जातो." आणि ऐंशीच्या घरातले मामा 'वर' खाली गुडघे टेकून बसले!

मग काय! बघता बघता पुरुष 'वर'कडे, बायका 'वधू'कडे, दोन रांगा लागल्या. आणि विहीणबाई? त्याही गेल्या! गेल्या त्या बराच वेळ बाहेरच येईनात. आल्या तेव्हा डोळे पुसत आल्या आणि सरळ फिलूला मिठी मारली. "आमच्या वसईच्या माणसाला हे जन्मात जमलं नसतं हो!"

फिलूने मागून मला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. दुखलंही होतं, पण आनंदच जास्त झाला होता!

लग्न उशिरा लागलं, पण झकास लागलं. शेवटी फादर वेदीवरून म्हणाले, "ही पेटी वर्षानुवर्षं रिकामी असायची. आज तिच्यासमोर रांग लागली, ती नलूबाईंमुळे. फुलं सुकेपर्यंत ही सजावट कोणी काढायची नाही."

माझी मान अशी ताठ झाली! विहीणबाईंकडे बघितलं, वाडीकडे बघितलं.

"फक्त एक विनंती," फादर पुढे म्हणाले. "यापुढे कशालाही हात लावण्याआधी, ती वस्तू काय आहे हे नलूबाईंनी आधी कोणाला तरी विचारावं!"

आणि भर चर्चमध्ये, 'आमेन'च्या जागी, मागच्या बाकांवरून आमची अख्खी वाडी हात जोडून एका सुरात ओरडली, "व्हय म्हाराजा!"

त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या ह्यांचा होता.