आमच्या गाडीतला पिवळा नळ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. लिंबू आणि मिरची माझ्या घरात फक्त फ्रीजमध्ये एकत्र येतात. सिन्नरच्या एमआयडीसीत क्वालिटीमध्ये नोकरी केली... जे मोजता येत नाही ते रिपोर्टात लिहायचं नाही, ही सवयच. तरी हे लिहितेय, कारण इथे कुणी डिझेल गाड्यांमधलं जाणकार असेल तर कृपया सांगा. 'तुमच्या सासूबाईच भूत असतील' असं लिहिणाऱ्यांनी तसदी घेऊ नये.

२००४ ची गोष्ट. आम्ही पंचवटीत राहायचो. मी एक सेकंडहँड डिझेल गाडी घेतली होती, ९८ चं मॉडेल. (कंपनीचं नाव लिहीत नाही, गाडी बिचारी चांगली होती.) त्याआधी चार वर्षं शेअर जीपमध्ये अर्धी आत, अर्धी बाहेर अशी सिन्नरला जात होते. त्यामुळे त्या गाडीवर माझा जीव होता. नवऱ्याला, म्हणजे संजयला, गाडी चालवता येत नव्हती. आणि मी चालवते हे सासूबाईंना आवडत नव्हतं. "बाईमानसानं ष्टेरिंग धरायचं... लोकं काय म्हनतील!" हे त्या मला नाही, भिंतीला ऐकवायच्या. गाडीत कधी बसल्याही नव्हत्या.

दिवाळीनंतर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. द्वारकेच्या चौकाजवळ आमचे मेकॅनिक होते, रफिकभाई. त्यांनी डिझेल फिल्टरमधलं पाणी काढलं, अर्थिंगच्या वायरी घासल्या, एक सेन्सर बदलला. शेवटी कुठूनसा स्कॅनर आणून लावला. स्कॅनर म्हणे, काहीच बिघाड नाही.

"गाडी मक्खन आहे मॅडम," रफिकभाई म्हणाले. "फक्त दिवा येडा आहे. बल्ब काढून टाकू?"

मी नाही म्हटलं. उद्या खरंच काही बिघडलं तर कळणार कसं?

संजयने मात्र धसका घेतला. रस्त्यात बंद पडली तर? विकून टाक, जीपने जा. दोन आठवडे हेच दळण. शेवटी त्याने सिन्नरचं एक गिऱ्हाईकही शोधलं. ते रविवारी येणार होतं.

त्याच आठवड्यात सासूबाईंचा गुडघा आखडला आणि नेमका रिक्षांचा संप. पाय दुमडत नव्हता, म्हणून मागे बसता येईना. नाइलाजाने पुढे बसल्या. दार लावलं... आणि दिवा गेला!

"आत्ता हितं पिवळा नळ पेटला व्हता, तो कुठं गेला?" त्यांनी विचारलं. (तुमच्या गाडीत ते इंजिनाचं चित्र नीट बघा. तोटीच दिसते.)

दवाखान्यापाशी त्या उतरल्या, दिवा लागला. बसल्या, गेला. मी त्यांना चार वेळा चढ-उतर करायला लावली आणि भर रस्त्यात शिव्या खाल्ल्या.

रफिकभाई म्हणाले, सीटखालची वायर वजनाने दबत असेल. सीट काढली. खाली वायरच नव्हती. मग सासूबाईंच्या वजनाचं गव्हाचं पोतं मोजून सीटवर ठेवलं. दिवा चालू. रफिकभाई स्वतः बसले. चालू. संजयला बसवलं. चालू. सासूबाई पदर सावरून बसल्या... बंद! रफिकभाईंनी कानाला हात लावले. "मावशी, माझ्या गॅरेजला नोकरीला या."

घरातली भाषाच बदलली. दिवा लागला की 'नळ आला', विझला की 'नळ गेला'. तपासणीच्या नावाखाली मी रोज संध्याकाळी सासूबाईंना फिरवून आणू लागले. गंगेवर (आमच्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो), मग म्हसरूळपर्यंत. त्या काच पूर्ण खाली करून बसायच्या. एकदा म्हणाल्या, "जन्मात कधी पुढं नाय बसले गं. बैलगाडीत पन मागंच." मी नुसताच गिअर बदलला.

रविवार उजाडला. संजयचा बेत सोपा होता, आईला पुढे बसवायचं म्हणजे गिऱ्हाइकाला दिवा दिसायलाच नको. मला हे मुळीच पटलं नव्हतं, पण भांडून भांडून दमले होते. गिऱ्हाईक स्टेअरिंगवर, शेजारी सासूबाई, मागे आम्ही दोघं.

"लय भारी पळती हो!" गिऱ्हाईक खूश. मागे माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उद्यापासून पुन्हा जीप... सासूबाईंनी एकदा मान वळवून पाहिलं.

पंचवटीतल्याच मालेगाव स्टँडजवळ त्या म्हणाल्या, "पाव्हनं, थांबवा. मला उतरायचंय. नळ यायची वेळ झाली."

"आई, आत्ता कुठला नळ?" संजय ओरडला. दुपारचे चार वाजले होते. आमच्या गल्लीत पाणी फक्त सकाळी यायचं.

"येतो का नाय ते बघ," म्हणत त्या लंगडत उतरल्या आणि दार लावून फुटपाथवर उभ्या राहिल्या.

आला!

गिऱ्हाइकाने गाडी बंद करून पुन्हा चालू केली. तेच. त्याने दिव्याकडे पाहिलं, मग काचेतून सासूबाईंकडे पाहिलं. "घरात ल्हान लेकरं हायेत आमच्या," एवढंच म्हणाला आणि समोरच्या रिक्षात जाऊन बसला. चहासुद्धा घेतला नाही.

संजय मागे कपाळाला हात लावून बसलेला. मी स्टेअरिंगवर आले, सासूबाई पुन्हा शेजारी बसल्या, दार लावलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दिवा गेला नाही. आम्ही दोघी बघत राहिलो.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आता कुनाला दाखवायचाय?"

पुढे गाडी सहा वर्षं चालली. दिवा कायम चालू, गाडी एकदाही बंद पडली नाही, आणि विकायची गोष्ट संजयने परत काढली नाही. तो दिवा का लागला, सासूबाई बसल्यावर का जायचा आणि नंतर का जाईनासा झाला, हे रफिकभाईंना सांगता आलं नाही, मलाही नाही. त्या मधेच का उतरल्या, ते मात्र मी त्याच संध्याकाळी विचारलं होतं.

"मागं बसून रडत व्हतीस," त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या.