स्टँडबाय पंप कोणाचा?

नासिरने पेनाला टोपण लावलं आणि पेन माझ्यासमोर ठेवून दिलं. "खलास. मी सही करणार नाही."

दोन्ही पंप टेस्टमध्ये उत्तम चालले होते. प्रेशर बरोबर, आवाज नाही, गळती नाही. मी मूळचा नाशिकचा, सौदीतल्या दम्मामच्या एका ट्रेडिंग फर्ममध्ये पंप इंजिनिअर आहे. चांगल्या चालणाऱ्या पंपावर रुसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. राग यायच्या आधी मला नवल वाटलं.

पंप येमेनला जायचे होते. तिथल्या दोन गावांत एकच विहीर. युद्ध सुरू झालं आणि विहिरीवरच्या भांडणात बंदुका आल्या. एका आंतरराष्ट्रीय संस्थेने बरीच खटपट करून समेट घडवला होता. विहीर दोघांची, पंप संस्थेचे आणि एकेक पंप एकेका गावाने सांभाळायचा. त्यासाठी वरच्या गावचा सालेह आणि खालच्या गावचा नासिर आमच्याकडे ट्रेनिंगला आले होते. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय माल हलणार नव्हता. माल अडकला तर समेट मोडेल, असं संस्थेच्या रीमामॅडमनी मला आधीच बजावलं होतं. त्या जॉर्डनच्या, दुभाष्याचं कामही त्याच करत.

"पंपात खोट काय आहे, विचारा," मी त्यांना म्हटलं.

नासिरने बोट दाखवलं ते पंपाकडे नाही, त्याच्यावरच्या पाटीकडे.

आमच्या धंद्यात एका जागी दोन पंप बसवतात. चालतो तो ड्यूटी पंप. तो बिघडला तर कामाला येतो तो स्टँडबाय. पाट्या मी हौसेने अरबीत करून घेतल्या होत्या. सालेहच्या पंपावर 'असासी', म्हणजे मुख्य. नासिरच्या पंपावर 'इहतियाती', म्हणजे राखीव.

"फुटबॉलमध्ये बाकावर बसवतात ना, तो इहतियाती," नासिर म्हणाला. "आमचं गाव बाकावर बसणार नाही. ही पाटी घेऊन मी घरी कसा जाऊ?"

सालेह मिशीतल्या मिशीत हसत होता. तो मुख्य होता ना!

तेवढ्यात आमचे मॅनेजर कुरियन साहेब आले. "शिंदे, ये क्या नाटक है? स्टिकर निकालो, पंप वन, पंप टू लिखो. यल्ला, चलो!"

"सर, फिर वन कौन?"

साहेबांनी एकदा सालेहकडे, एकदा नासिरकडे पाहिलं.

मी दुसरा उपाय सांगितला. पॅनेलमध्ये ऑटो चेंजओव्हर होता. म्हणजे मशीन आपणहून आलटून पालटून पंप चालवणार. लहानमोठं कोणी नाही. आता सालेहचं हसू मावळलं. "आत काय चाललंय ते दिसत नाही. पाणी कमी आलं की आमचे लोक म्हणतील, मशीन त्यांना फितूर आहे."

नासिरने मान डोलावली. ट्रेनिंगला आल्यापासून या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेही माझ्या मशीनविरुद्ध.

मग मला राहवेना. "भांडणाच्या आधी पाणी कसं वाटून घ्यायचात?"

"दोर," दोघं एकदमच बोलले.

दोर म्हणजे बादलीचा, असं मला वाटलं. रीमामॅडम हसल्या. "नाही, नाही. दोर म्हणजे टर्न. आज यांचा, उद्या त्यांचा."

अरे, ही तर आपली पाळी! माझ्या आजोळीही पाटाच्या पाण्याची पाळी असायची. आपली संपली की स्वतः जाऊन पुढच्याला सांगायचं, तुझं पाणी सुरू.

मी दोन्ही पाट्या उखडल्या. ऑटोची जोडणी काढून हाताने फिरवायचा स्विच बसवला. पितळेची एकच पाटी केली, तिच्यावर 'दोर' कोरलं आणि वर अडकवायला कडी लावली. ज्याची पाळी, त्याचा पंप चालणार आणि पाटी त्याच्याकडे. पाळी संपली की पाटी दुसऱ्याच्या हातात द्यायची.

"ऑटो निकालके मैन्युअल?" कुरियन साहेबांनी कपाळाला हात लावला. "दुनिया उल्टा करती है!"

"सर, ऑटो में इन दोनों को मिलना ही नहीं पड़ेगा."

रीमामॅडमनी साहेबांकडे असं पाहिलं की त्यांनी विषय सोडला.

पण पाटी आधी कोणाकडे? हा प्रश्न माझ्या ओठांवर आलाच होता. सालेहने पाटी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि नासिरपुढे धरली. "सकाळपासून मुख्य होतो. माझा दोर संपला."

नासिरने पाटी घेतली. मग पेनाचं टोपण काढलं.

पुढच्या उन्हाळ्यात रीमामॅडमकडून नासिरचा निरोप आला. सालेहचा पंप बंद पडलाय, सील गेलंय, नवं पाठवा. तोवर दोन्ही गावं आमच्या गावच्या पंपावर पाणी भरतायत. खाली आणखी एक ओळ होती: 'इंजिनिअरला सांगा, इहतियाती म्हणजे काय ते आता आम्हाला कळलं. तरी पाटी लावू नये.'

सील मी त्याच दिवशी पाठवलं. ड्रॉइंगवर अजूनही स्टँडबायच लिहितो. पाटी करायची वेळ आली की मात्र, ती कोणाच्या विहिरीवर लागणार आहे, हे आधी विचारतो.