विसरवाडीच्या ढाब्याचं उट्टं

माणूस व्याह्यांसमोर एकदा तोंडघशी पडला की पुढची सात लग्नं त्याला मान वर करता येत नाही. माझी मान पूर्ण एक वर्ष खाली होती, आणि ती खाली घालायला लावणारा माणूस विसरवाडीला हायवेवर ढाबा चालवतो.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा होणारे व्याही आमच्याकडे जेवायला आले होते. त्यांना नवापूरला, त्यांच्या कोंबड्यांच्या फार्मवर सोडायला मी माझी नवी इलेक्ट्रिक गाडी काढली. बॅटरी अर्धीच भरलेली. पण ऊन असं की डांबर उकळत होतं, आणि व्याह्यांना घाम आला तर मानपानात खोट! एसी एवढा सोडला की त्यांच्या मिशांवर दव साचलं. वर सगळ्या नंदुरबारला गाडी दिसावी म्हणून बाजारातून तीन फेऱ्या मारल्या. विसरवाडीला पोचेस्तोवर गाडी शेवटचे श्वास मोजत होती.

ढाब्यावर चार्जर होता. वायर हातात घेतली, तर मालक गल्ल्यावरून ओरडला, "ओ दादा, पहिले ॲप टाका!"

टाकलं. ॲपने ईमेल मागितला, पासवर्ड मागितला, गाडीचा नंबर मागितला, माझा फोटोही मागितला. मुलीचं स्थळ बघताना व्याह्यांनी एवढी चौकशी केली नव्हती. ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपे. दोन तास झाले. मी म्हटलं, "शेठ, तुमच्याकडून सुरू करून द्या ना."

"मन्हा हातमा काहीच नही," तो म्हणाला, आणि सगळ्या ट्रकवाल्यांना ऐकू जाईल असं पुढे म्हणाला, "येस्ले बैल आनी द्या रे कोनी!"

माझी नवी गाडी ओढायला बैल! सगळा ढाबा हसला. सगळ्यात मोठ्याने हसले माझे व्याही. उसाच्या ट्रॅक्टरला दोर बांधून आम्ही नवापुरात शिरलो, आणि ही गोष्ट व्याह्यांनी लग्नातल्या प्रत्येक पंगतीत वाढली.

मी त्याच आठवड्यात शपथ घेतली. विसरवाडी रस्त्याला आमचं शेत आहे. तिथे वेगळं मीटर घेतलं, चार्जर बसवला आणि पाटी लावली: 'वायर लावा. गाडी भरा. निघताना पैसे द्या.' बस. गुजरातच्या गाड्या माशांसारख्या जमू लागल्या. मी मात्र एकाच गाडीची वाट बघत होतो.

ती आली. ढाबेवाल्याने स्वतःच इलेक्ट्रिक गाडी घेतली होती आणि धडगावच्या घाटाने ती पिळून काढली होती. पाटी वाचून त्याचा चेहरा उजळला. मला पाहून विझला.

"दादा, लावू का वायर?"

"लावा की. पण तुमच्यासाठी नोंदणी आहे."

वही काढली. नाव, गाव, आजोबांचं नाव, आजोबांच्या बैलांचा रंग. सगळं लिहून घेतलं. मग म्हटलं, "आता ओटीपी. तो नवापूरहून येतो." आणि व्याह्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला. कोण आलंय ते सांगताच तिकडे कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

"याही," व्याही सावकाश म्हणाले, "आठे सर्व्हर बंद शे. मी जेवी लेस, मंग दखू."

फोन चालू ठेवून ते सव्वा तास जेवले. ढाबेवाला बांधावर उन्हात बसून होता. शेवटी तोच उठला आणि फोनमध्ये म्हणाला, "चुकनं मन्हं. तुमना याहीनी मी उगीच मस्करी करी."

"हाई पंगतमा सांगानं का?" व्याह्यांनी विचारलं.

"सांगा," तो म्हणाला.

मी स्वतः वायर लावली.

पुढच्या महिन्यात त्याने चार्जरच्या कंपनीशी भांडून ॲप काढायला लावलं. आता तिथेही वायर लावली की गाडी भरते. मी दर रविवारी घरून पूर्ण भरलेली गाडी घेऊन जातो, त्याच्या नाकासमोर वायर लावतो आणि दोन चहा होईस्तोवर जागा अडवून बसतो. दुसरी गाडी आली तर लगेच काढतो. माझं भांडण फक्त त्याच्याशी आहे.