जिवनबाईचे आखूड दिवस

शिरड शहापूरच्या शिवारात कापूस वेचायला जाणाऱ्या बायांत जिवनबाईचा हात सगळ्यात चलाख. नवरा वारल्यापासून त्या हातावरच ती आणि नववीतली साक्षी, दोघींचं पोट चालायचं. पण यंदा दिवाळी सरली तशी ती वेचता वेचता सारखी मान वर करून सूर्याकडं बघू लागली. दिवस मावळला की तिच्या डोळ्यांपुढं काळा पडदा पडायचा. उन्हाळ्यात घरी पोचेपर्यंत उजेड असायचा, म्हणून झाकून गेलं. आता कापसाचं वजन होईस्तोवर अंधारून यायचं. मग ती गप्पांच्या निमित्तानं शेजारच्या नानीबाईचा हात धरून चालायची. कुणाला कळलं तर कामाला कोण बोलावणार?

एका संध्याकाळी नानीबाई आलेली नव्हती. बाया बोलत पुढं निघाल्या. जिवनबाई आवाजाच्या मागं चालत राहिली आणि आवाजच विरून गेला. पायाखाली बांध लागला, मग ढेकळं लागली, आणि एकाएकी खालून गार, ओला वास आला. विहीर! ती होती तिथंच मटकन बसली. हाका मारून घसा बसला.

साक्षी बॅटरी घेऊन शोधत आली, तेव्हा आई काठापासून हातभर अंतरावर, दोन्ही मुठींत गवत धरून बसली होती.

"आई, तुला दिसून न्हाई राहिलं का?"

"सांजंनंतर न्हाई दिसत गं. कुणाला सांगू नको, लेकरा."

सकाळी अंगणात आंघोळीचं पाणी तापत होतं. चुलीपाशी बसून जिवनबाईनं विचारलं, "साक्षे, दिवस एवढा लवकर काहून मावळून राहिला?"

साक्षीनं एका कांद्यात काडी खुपसली आणि तो जाळापुढं धरून फिरवला. "ही पृथ्वी. जाळाकडं तोंड असलं की दिवस, पाठ फिरली की रात."

"ते व्हय. पण आताच काहून?"

साक्षीनं काडी तिरपी केली. "ती अशी कललेली हाय. तशीच कललेली राहून सूर्याभोवती वर्षाला एक फेरी मारती. आता आपली बाजू सूर्यापासून पलीकडं कलली, म्हणून उजेडात आपण थोडाच येळ राहतो. ऊनबी तिरपं, म्हणून थंडी." ती चुलीच्या दुसऱ्या अंगाला गेली. काडीचा कल तसाच ठेवला. आता कांद्याचा तोच भाग जाळाकडं झुकला. "इथं आलो की उन्हाळा, अन् दिवस मोठा."

"मंग माह्यापायी तिला सरळ कोण करल?"

"फेरी चालूच हाय, आई. डिसेंबर सरता सरता दिवस वाढाया लागतो."

साक्षी तिला हिंगोलीला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याचा आजार सांगितला. औषध नाही, हळूहळू बाजूचंही दिसेनासं होईल, म्हणाले. जिवनबाईनं ते कानाआड केलं. ती लेकीचा शब्द धरून बसली. आणि दिवस खरंच वाढला. फाल्गुनात ती उजेडात घरी आली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

चैत्रात मात्र भर दुपारी दाराची चौकट तिच्या खांद्यात बसली. मग पायाशी ठेवलेली घागर लवंडली. समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून बघावं तसं.

जूनमध्ये व्यंकटरावांच्या रानात कपाशीची टोकणी लागली. जिवनबाईचं बी ओळ सोडून पडू लागलं. नानीबाई मागून गुपचूप सावरत होती, तरी व्यंकटरावांनी पाहिलंच. त्यांनी आवाज चढवला नाही. "बाई, उद्यापासून येऊ नका," एवढंच बोलले. सूर्य डोक्यावर होता. त्या काळात वर्षातले सगळ्यात मोठे दिवस चालले होते.

घरी येऊन ती उंबऱ्यावर बसली. "साक्षे, एवढा मोठा दिवस झाला गं. माह्या काय कामाचा?"

साक्षी शाळेतून नुकतीच आलेली. तिनं दप्तर खुंटीला अडकवलं आणि आईशेजारी बसली.

"उद्यापासून टोकणीला मी जाते," साक्षी म्हणाली.

न्हाई म्हणायला जिवनबाईनं तोंड उघडलं. मग कंबरेला बी ठेवायला बांधलेला फडका सोडून लेकीच्या हातात दिला.