होडीनं सासुरवाडीला

कोल्हापुरात होडी भाड्यानं मिळायची जागा म्हणजे रंकाळा. तिथं गेलो आणि तिकिटाच्या माणसाला म्हणालो, "दिवसभरासाठी एक होडी पाहिजे." त्यानं मला खालून वर बघितलं. "पावणं, दिवसभर? तळं हाय ह्ये. कितीबी फिरलासा तरी हितंच येनार की!"

त्याचं बरोबर होतं. मला फिरून तिथंच यायचं नव्हतं. एका काठावरून दुसऱ्या काठावर जायचं होतं, आणि तो काठ गारगोटीच्या पुढं, डोंगरात घुसलेल्या धरणाच्या पाण्यापलीकडं होता. तिथल्या कुंभळवाडीत माझी सासुरवाडी. धरणाला वळसा घालून गाडी थेट दारात जाते, आणि सव्वीस वर्षं मी तसाच गेलो. माझी बायको सुमन दर खेपेला म्हणायची, "एकदा होडीनं न्या की मला माहेरी." ती लहान असताना पलीकडं रस्ता नव्हता. बाजार, शाळा, दवाखाना, सगळं होडीनंच. मी म्हणायचो, "दारात गाडी असताना होडीत कशाला बसायचं? येडी का काय!" सुमनला जाऊन तीन वर्षं झाली आणि होडी शोधायचं मला आत्ता सुचलं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर मी त्या काठाला एवढा का भीत होतो ते कळायचं नाही. मी शिवाजी पेठेचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही. शेवटच्या खेपेला सुमनला माहेरी अजून एक रात्र राहायचं होतं, आणि त्या दुपारी आमच्या तालमीच्या संघाची फायनल होती. मी गाडीत बसून हॉर्न वाजवत राहिलो. शेवटी ती धावतच आली, खोचलेला पदरसुद्धा सोडला नव्हता. मॅच गाठली. पुढं पाच महिन्यांत सुमन हृदयविकारानं गेली, आणि ते तिचं शेवटचं माहेरपण ठरलं. आत्ती (आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात) दिवसकार्याला आल्या होत्या, पण माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर मात्र दर सणाला त्यांचा निरोप यायचा, "पावण्यास्नी म्हणावं, येऊन जावा." मी गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? माझ्या लेकीला एवढी घाई का केलीसा, असं त्यांनी विचारलं असतं तर काय, फुटबॉल म्हणून सांगू?

दिवाळी उरकली आणि एका पहाटे उठून गारगोटीची एसटी पकडली. थंडी चांगलीच होती. गारगोटीत चहा घेतला, पिशवीत भडंग आणि केळी टाकली आणि पुढं वडापनं (माणसं कोंबून नेणारी जीप) धरणापर्यंत गेलो. माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोबीची पिशवी होती आणि खांद्यावर एक आजोबा झोपले होते. उतरताना त्यांनी मलाच विचारलं, "झोप झाली का?"

पाण्याच्या काठाला पत्र्याची एक होडी उलटी घातली होती आणि पन्नाशीचा एक माणूस शेजारी बसून जाळं उकलत होता. सदाशिव त्याचं नाव. होडी दिवसभर पाहिजे म्हटल्यावर तो जाळ्यातून मान वर न काढता म्हणाला, "मासं आनतो मी. मानसं न्हेत न्हाय."

"कुंभळवाडीला जायचंय."

"मग गाडीनं जावा की."

"होडीनंच जायचंय."

आता त्यानं मान वर केली. "कुनाचं पावणं तुमी?"

मी सांगितलं. त्यानं जाळं बाजूला ठेवलं. "सुमनताईचं मालक व्हय!" उठला, होडी सरळ केली, पाण्यात ढकलली आणि म्हणाला, "बसा. आज दिसभर होडी तुमची."

बसलो तो कडेला. होडी अशी कलली की माझ्या तोंडून आईचं नाव निघालं. "मधी बसा, मधी!" सदाशिव ओरडला. "ही होडी हाय, एसटीची खिडकी न्हवं." मी मधल्या फळीवर सरकलो आणि दोन्ही हातांनी ती घट्ट धरून ठेवली. चाळीस वर्षं लेथवर लोखंड कापलं, पण पायाखालची जमीन कधी हलली नव्हती.

काठ सुटला तसं सगळं गप्प झालं. पाण्यावर धुकं होतं, त्यातून डोंगराचा नुसता माथा दिसत होता. वल्ह्याचा आवाज तेवढा होत राहिला. ऊन आलं तसं धुकं विरलं आणि दोन्ही अंगांनी हिरवं रान उघडं पडलं. पाणी काठोकाठ भरलेलं. मधेच वठलेल्या झाडांचे शेंडे वर आलेले, त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. सव्वीस वर्षं मी हेच पाणी गाडीच्या काचेतून बघत होतो, आणि बघत होतो म्हणजे काय, पुढचं वळण कधी संपतंय तेवढंच बघत होतो.

"आमचा बा नाव चालवायचा हितं," सदाशिव म्हणाला. "मी बारका हुतो. सुमनताई बसली की पयलं वल्हं मागायची. बा द्यायचा. पोरीची जात, पर काय वल्हवायची! बाजाराच्या बाया भरल्याल्या नावंत, आनि ही फुडं बसून वल्हवत्या."

"सुमन वल्हवायची?"

"तुमास्नी ठावं न्हाय?"

नव्हतं. सव्वीस वर्षं एका ताटात जेवलो म्हणायचं, आणि बायकोला होडी चालवता येते हे मला परक्या माणसाकडून कळावं! होडीत बसायची तिला हौस आहे एवढंच मी धरून चाललो होतो. तिला बसायचं नव्हतंच. मला समोर बसवून ती वल्हवणार होती. हे डोक्यात आलं आणि ती इथं असावी असं फार वाटलं.

"आण इकडं," म्हणून मी वल्ही मागून घेतली. पाच मिनिटं दम लागेपर्यंत ओढलं. होडी आहे तिथंच गोल फिरली. सदाशिव हसून हसून खोकायला लागला. पुढं त्यानं वाट कमी करायला म्हणून जुन्या शेतावरून होडी घातली आणि ती पाण्याखालच्या बांधावर घसकन चढून बसली. मग काय, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दोघंही खाली उतरलो. पाणी बर्फागत गार. ढकलताना माझा पाय घसरला आणि दुमडलेल्या पँटसकट मी कमरेपर्यंत भिजलो. तशा अवतारात होडीत बसून आम्ही त्याची भाकरी, खर्डा आणि माझं भडंग खाल्लं.

वळण घेतलं आणि कुंभळवाडी दिसली. पाणी भरलेलं असलं की होडी घरांच्या पायाशीच लागते. आत्तींचं घर कडेला, अंगणात केळी. "सदाशिव," मी म्हणालो, "माघारी फिरव."

त्यानं वल्ही थांबवली. "फिरवतो की. होडी तुमची हाय आज. पर ती बगा, म्हातारी उठून हुबी ऱ्हायली. दिसलोय आपन तिला."

खरंच, आत्ती डोळ्यांवर आडवा हात धरून अंगणाच्या टोकाला आल्या होत्या. आता पळून जायची सोय उरली नाही.

मी चिखलातून वर चढलो, भिजलेली पँट पायाला चिकटलेली, चपला हातात. पाया पडलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्यामागं पाण्याकडं बघितलं. "होडीनं आलासा?" एवढंच म्हणाल्या. आत जाऊन गरम पाण्याची बादली आणली, पायावर घ्या म्हणाल्या. घरात त्या एकट्याच होत्या, मुलगा-सून गारगोटीच्या बाजाराला गेली होती. सदाशिवला आणि मला त्यांनी नाचणीची भाकरी आणि माडगं (कुळथाच्या पिठाचं पातळ कालवण) वाढलं. तीन वर्षं का आला नाही, हे काही विचारलं नाही. न विचारणं मला विचारण्याहून जड जायला लागलं. सदाशिव होडी बघायला म्हणून उठला तेव्हा माझ्यानं राहवलं नाही.

"आत्ती, त्या दिवशी मी तिला घाई केली. मॅच होती. फुटबॉलची."

"ठावं हाय मला," आत्ती म्हणाल्या. "सुमीच बोलली. 'आई, त्येंचा जीव तिकडं अडकलाय, जाऊ दे मला.' हसत हुती." त्या भांडी आवरत राहिल्या. मग एकदम वळून म्हणाल्या, "जिंकलासा का पर?"

"हरलो, आत्ती."

"हरलासा? आनि त्यापायी एवढं प्वां-प्वां लावलंतंसा व्हय!"

त्या हसल्या. मलाही हसू आलं आणि हसता हसताच रडायला लागलो. साठी उलटलेला गडी मी, चुलीसमोर बसून रडलो, आणि आत्तींनी मला रडू दिलं.

मग त्या आत गेल्या आणि सूप घेऊन आल्या. त्यात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि घडी घातलेला हिरवा खण. "टावेल पसरा," म्हणाल्या.

"कशाला?"

"सुमीची वटी (ओटी) ऱ्हायलीया. खण काढाय आत गेलते, तवर तुमचा हारन. म्हनली, 'आई, फुडल्या खेपंला भर.' तवापासनं ह्यो खण पेटीत हाय. त्येच्यासाठनं बलवत हुते तुमास्नी. इधवा बाईनं वटी भरू न्हाय म्हनत्यात. म्हनू देत. आई हाय मी तिची."

मी गळ्यातला टॉवेल काढला आणि बायकांनी पदर धरावा तसा दोन्ही हातांनी पुढं धरला. आत्तींनी नारळाला हळदकुंकू लावलं, खण ठेवला आणि ओंजळी भरभरून तांदूळ घातले. पाच वेळा. तांदूळ बाहेरही सांडले. मी टॉवेलाची गाठ मारायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला.

"चार दानं माघारी टाका सुपात."

"का?"

"लेक जाताना वटीतलं चार दानं म्हायेरी ठेवून जात्या. परत यायला."

मी चिमूट भरून सुपात टाकली. आत्तींनी बघितलं आणि मान हलवली.

निघताना मी सदाशिवला विचारून होडीत उलटा बसलो, पाठ पुढं आणि तोंड वाडीकडं. आत्ती अंगणाच्या टोकाला उभ्या होत्या. वळण येईपर्यंत मी त्यांच्याकडं बघत राहिलो आणि त्या माझ्याकडं. परतीच्या वाऱ्यात पाण्याला चांगल्याच लाटा आल्या होत्या, पण फळी धरायला हात मोकळे नव्हते. गाठोडं मांडीवर होतं.

दिवेलागणीला पेठेत पोचलो. आता मला कुणी विचारलं की होडी भाड्यानं घेऊन काय बघितलंस, तर डोंगर, पाणी, पक्षी एवढं सांगता येईल. पण दिवसभर मी एका बाईला शोधत होतो, जी वल्हवायची आणि मला माहीत नव्हतं. ती भेटली नाही. तिच्या वाटणीचं माहेर मात्र माझ्या हातात आलं, आणि ते आता मलाच सांभाळायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीचे तांदूळ धुतले आणि चुलीऐवजी आमच्या गॅसवर चढवले. पाण्याचा अंदाज मला अजून येत नाही, भात पार गिचका झाला. ताटात वाढून घेतला आणि शितनशीत खाल्ला. माहेरचा होता.