सगळ्यात मागची होडी

फोन सलीमभाईंचा होता. "आपा, आप जल्दी आओ…" एवढंच बोलले. मी नल्लकुंट्याच्या घरात वांगी चिरत होते. फोनमध्ये मागे गलका चालला होता, त्यात भाचीचा, प्रज्ञाचा हंबरडा ओळखू आला. दादा गेला, हे मग कुणी सांगायची गरजच उरली नाही.

अशोकदादा माझा थोरला भाऊ. नांदेडहून रेल्वेच्या नोकरीसाठी आला, तारनाक्याला स्थिरावला, रिटायर झाला आणि लेकीच्या नादाने मुसी नदीत होडी वल्हवायला लागला! नदीकडे लोकांचं लक्ष जावं म्हणून प्रज्ञा आणि सलीमभाई मिळून होड्यांची फेरी काढायचे. मी म्हणायचे, "त्या गटारात काय ठेवलंय रे?" तो नुसता हसायचा.

त्यांची एक रीत होती. प्रज्ञा सगळ्यांच्या पुढे, दादा सगळ्यांच्या मागे. वळण आलं की प्रज्ञा वल्हं उंच धरायची. सगळं ठीक असेल तर दादाने मागून आपलं वल्हं उंच धरायचं, मगच पुढे जायचं. पण या कामाला दादाला बसवणं हीच चूक होती बाई! छातीत कळ आली तरी "गॅस झालाय" म्हणून ऑफिसला जाणारा माणूस तो. मदत मागायची म्हटलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्या सकाळी आभाळ भरलेलं होतं. वर कुठेतरी पाणी सोडणार, अशी कुणकुण होती. पाण्याचा रंग बदलला, फेस वाढला, काठावरचे बगळे उठून गेले, तशी प्रज्ञाने सगळ्यांना घाटाकडे वळायला सांगितलं. वळणावर तिने मागे पाहिलं. दादाची होडी पुलाच्या खांबापाशी जलपर्णीत रुतली होती, पुलावरचे लोक त्याला ओरडून हाका मारत होते, हे सगळं नंतर कळलं. प्रज्ञाला लांबून दिसलं ते फक्त वल्हं… उंच धरलेलं. ती पुढे गेली.

बाकी सगळे सुखरूप काठाला लागले. दादाची होडी उलटी वाहत आली. "चप्पू उठाया ना उन्होंने, आपा. हम समझे सब ठीक है," सलीमभाई लहान मुलासारखे रडत होते.

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते, रोज रागावते. तो थांबा म्हणाला असता तर सगळे उलटे फिरले असते, आणि मग कोण कोण गेलं असतं, हेही मला कळतं. तरी राग जात नाही. प्रज्ञाला मात्र सांगते, "बाबाने तुला पुढे पाठवलं गं, तू सोडून नाही आलीस." ती ऐकून घेते.

परवा तारनाक्याला गेले. सकाळपासून पाऊस होता. प्रज्ञा दारात रेनकोट चढवत होती, ग्रुपचे लोक खाली गाडीत थांबले होते. अंगाला हात लावला तर चटका बसला.

"नक्को जाऊ बेटा. ताप आहे तुला. आणि आज मागे कोण राहणार?"

"मीच," ती म्हणाली. "काही होत नाही गं आत्या."

अगदी दादासारखंच हसली, आणि जिना उतरून गेलीसुद्धा.