निघोज्याच्या मावशींची तिसरी नळी

सत्तरचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी एका लहान हॉस्पिटलात एक्स-रे काढायला लागले. वडील पिंपरीत कंपनीत फिटर. पित्तनलिकांचं चित्र मी कोर्समध्ये एकदाच पाहिलं होतं: यकृतातून एक नळी उजवीकडून येते, एक डावीकडून, दोन्ही मिळून एक होते आणि खाली आतड्यात जाते. तेवढंच पाठ होतं.

पित्ताशयाचे खडे काढताना गरज पडली तर आमचे सर्जन नळीत पोटाबाहेर येणारी एक रबरी ट्यूब ठेवत. मागं खडा राहिलाय का, हे बघायला दहा-बारा दिवसांनी तिच्यातून नळ्या एक्स-रेवर उमटवणारं औषध सोडून आम्ही फिल्म काढायचो. त्यासाठीच निघोजे गावच्या एक मावशी टेबलावर होत्या. फिल्म धुऊन उजेडात धरली आणि मी गोंधळले. तीन नळ्या होत्या. तिसरी उजवीकडून निघून, बरीच खाली येऊन मुख्य नळीला वेगळीच मिळत होती.

मला वाटलं, मावशी हलल्या असतील. मग वाटलं, मीच एका फिल्मवर दोनदा काढलं.

"सर, फिल्म बिघडली माझ्याकडून."

"मग परत घ्या."

मावशींना जरा कुशीवर वळवून परत घेतली. तिसरी नळी तिथंच.

"बाई, सारखं सारखं का काढताय?" मावशींनी विचारलं. "आत काय ऱ्हायलंय का?"

"नाही मावशी, नीट दिसत नव्हतं."

खोटंच बोलले. दिसत नीट होतं, कळत नव्हतं.

सर्जन दोन्ही फिल्म शेजारी लावून बराच वेळ बघत राहिले. मग खुर्चीवर बसले. "ऑपरेशनच्या वेळी ही मला पित्ताशयाची नळी वाटली होती. पित्ताशय काढताना ती बांधून कापतात, म्हणून दोरा हातात घेतला होता. बांधली असती, तर यकृताच्या त्या भागातलं पित्त अडलं असतं."

"मग?"

"सोडून दिली. का सोडली, ते मलाही सांगता येत नाही."

खडा राहिलेला नव्हता. ते मावशींकडे गेले आणि तुमच्या आत एक नळी जास्तीची आहे, असं त्यांनी समजावलं.

"म्हंजी माझं चुकीचं हाय?"

"चुकीचं नाही. वेगळं आहे."

"मग बरोबर कसं असतं?"

 

ट्यूब काढली, मावशी बऱ्या होऊन घरी गेल्या. सर्जननी मला कपाटातल्या जुन्या फिल्म काढायला लावल्या. दुपारी काम कमी असलं की बटर पेपर ठेवून मी एकेकीवरच्या नळ्या पेन्सिलीनं गिरवायचे. कुणाची उजवीकडची जास्तीची नळी डावीला जाऊन मिळालेली, कुणाच्या तीन नळ्या एकाच ठिकाणी आलेल्या. गिरवताना हात थांबायचा. मी चुकतेय की समोरचं माणूसच असं आहे?

पुढं सर्जन काही कापायच्या आधी ऑपरेशनच्या टेबलावरच, तसंच औषध सोडून एक्स-रे घेऊ लागले. चाकांचं मशीन ढकलत मी ऑपरेशनच्या खोलीत न्यायचे. एकदा एका कामगाराच्या फिल्मवर बारीक जास्तीची रेघ आली.

"तुम्हाला काय दिसतं?"

"रेघ आहे, सर. नळी आहे का, माहीत नाही."

ते थांबले. दुसरी फिल्म काढली, तीत ती रेघ पुसट होती. तेवढी जागा सोडून त्यांनी ऑपरेशन केलं. तो माणूस आठवड्याभरानं चालत घरी गेला. ती नळी होती की औषध बाहेर सांडलं होतं, यावर आमचं एकमत कधीच झालं नाही.